हलक्यातला दाखवा

“संयू म्हणंल त्यो लॅपटॉप,” असं पप्पांनी जाहीर केलं तेव्हा साक्षीदार भरपूर होते. आई भाकरी थापत होती. आक्का, म्हणजे पप्पांची मोठी बहीण, वारणानगरहून फोनच्या स्पीकरवर होती. शेजारचे अण्णासो काका दोन घरांमधल्या भिंतीवर कोपरं टेकून नेहमीसारखे उभे होते. “तीच ठरवंल. मी मधी बोलणार न्हाय,” असंही पप्पा म्हणाले. हे वाक्य मी सुरुवातीलाच लिहून ठेवते, कारण पुढे ते कुणालाच आठवेना.

लॅपटॉपची वेळ आली ती पाणकोंबडीमुळे. पप्पा दूध संघाच्या ऑफिसात आहेत. दुधाला फॅट किती लागलं याचा तक्ता रोज सकाळी साहेबलोकांच्या ग्रुपवर टाकायचा, हे त्यांचं काम. आणि त्यांच्या फोनमध्ये सगळीकडे माझे व्हिडिओ. मी आणि माझी मैत्रीण क्रांती कळंबा तलावावर चार मिनिटांची फिल्म करत होतो, शाळेतर्फे स्पर्धेला पाठवायला. एका सकाळी पप्पांनी गडबडीत तक्त्याऐवजी पाणकोंबडी पोहतानाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. एका संचालकांनी खाली लिहिलं, ‘छान. फॅट किती?’ पप्पांनी त्या दिवशी डबा तसाच परत आणला आणि संध्याकाळी वरची घोषणा केली.

आता माझ्याबद्दल थोडं, कारण त्याशिवाय या घोषणेचं महत्त्व कळायचं नाही. मी नववीत आहे. मागच्या वर्षापर्यंत मी उत्तर दिलं की बाई म्हणायच्या, “मोठ्यानं.” मी पुन्हा सांगायचे, बाई पुन्हा “मोठ्यानं” म्हणायच्या, आणि तेवढ्यात दुसरं कुणीतरी उत्तर देऊन बसायचं. मग शाळेत दर शनिवारी माइकवरून ‘शाळेची बातमी’ द्यायचं सुरू झालं. बातमी देणारी मुलगी गालगुंडांनी आडवी झाली आणि मुख्याध्यापिकांचं बोट हवेत फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबलं. त्या दिवशी माझा आवाज मलाच पहिल्यांदा ऐकू आला. बरा होता. तेव्हापासून मी तो वापरते. घरात “मी ठरवतो,” “मी सांगतो” अशी वाक्यं वाढली आहेत. (कोल्हापुरात आम्ही मुली ‘मी ठरवतो’ असंच बोलतो. लिहिताना मराठीच्या बाई ‘ठरवते’ करायला लावतात, म्हणून इथे ‘ठरवते’. बोलताना मात्र मला कुणी अडवू शकत नाही.)

तर ठरवायचं काय होतं? दोन लॅपटॉप होते. एक पातळ, सव्वा किलोचा, वहीसारखा दप्तरात सरकणारा. दुसरा ताकदवान, त्यात व्हिडिओसाठी वेगळं कार्ड, आत पंखे, वजन पावणेतीन किलो, आणि चार्जरचं वजन तर कंपनीने लाजेने लिहिलंच नव्हतं. फिल्म कापायची-जोडायची तर ताकद हवी. पण ते काम करायचं शाळेत, क्रांतीबरोबर, शाळा सुटल्यावर. आमची शाळा राजारामपुरीत, तिसऱ्या मजल्यावर. आम्ही राहतो कळंब्याला. (तिथल्या तुरुंगाच्या बाहेर. हे सांगावं लागतं, लोक विचारतात.) म्हणजे रोज केएमटीच्या बसमधून लटकत न्यायचा आणि लटकत आणायचा.

एवढं साधं गणित होतं. पण आमच्या गल्लीत साधं गणित कुणी एकट्याला सोडवू देत नाही.

पप्पांच्या मते जगातल्या सगळ्या वस्तू दोन प्रकारच्या असतात, म्हशीच्या आणि गाईच्या. माणसं, मोटारी, शाळा, जावई, सगळं त्यांनी या दोनांत बसवलेलं आहे. पातळ लॅपटॉपचा फोटो बघून ते म्हणाले, हा गाईचा दिसतोय, आजाऱ्याला ठीक आहे. म्हशीचं प्यायलेल्या माणसाला गाईचं पुरत नाही, असंही म्हणाले. मी विचारलं, लॅपटॉप पितं कोण? त्यावर त्यांनी, आपण मध्ये बोलणार नाही, याची मला आठवण करून दिली आणि मग आणखी पंधरा मिनिटं बोलले.

अण्णासो काका एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यापासून ते भिंतीवरून गल्ली चालवतात. त्यांचं म्हणणं, मोकळ्या रस्त्याला कुठलंही इंजिन पळतं, घाट लागल्यावर खरं काय ते कळतं. लॅपटॉपला घाट कुठे लागणार, हे मी खरोखर जाणून घ्यायच्या इच्छेने विचारलं. ते म्हणाले, “लागंल तवा कळंल.”

आक्काला फोटोत रस नव्हता. तिने आयुष्यात जे काही घेतलं, ते हातात तोलून. पातेली, पैंजण, वांगी, कलिंगड, सगळं. तिने फोनवर एवढंच विचारलं, हाताला वजन लागतं का.

आई पतसंस्थेत काम करते आणि घरी आल्यावर कमी बोलते. ती म्हणाली, “दोन्ही वजनं दप्तरात घालून शाळेला जाऊन बघ की.” हा सगळ्यांत शहाणा सल्ला होता आणि त्यानेच माझी शाळेत सगळ्यांत जास्त शोभा केली.

कारण घरात नेमक्या वजनाची वस्तू सापडेना. शेवटी आक्काने पाठवलेल्या गुळाच्या भेल्या काट्यावर ठेवल्या, गूळ थोडा तासून वजन बरोबर केलं, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि दप्तरात घातला. पहिल्या दिवशी पावणेतीन किलो. बसमध्ये उभी असताना एका आजोबांनी विचारलं, “बाळ, गावाला निघालीस काय?” तिसरा मजला चढेपर्यंत माझा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आला, तो दिवसभर तिथेच होता. दुसऱ्या दिवशी सव्वा किलो. दप्तरात काही आहे हे मी विसरून गेले. मुंग्या विसरल्या नाहीत. तिसऱ्या तासाला त्यांची रांग माझ्या बाकावरून निघून, मधली वाट ओलांडून, बाईंच्या हजेरीपटावर पोचली. बाईंनी रांगेचा माग काढला आणि विचारलं, “संयोगिता, दप्तरात काय आहे?”

मी उभी राहून खणखणीत आवाजात सांगितलं, “लॅपटॉप, बाई.” आणि गूळ काढून दाखवला.

प्रयोग म्हटला की थोडी बदनामी होणारच. पण निकाल लागला. सव्वा किलोचा. ताकदीचाही प्रश्न नव्हता. आमच्या कॉम्प्युटरच्या सरांकडे तसलाच आहे, त्यावर आम्ही तलावाचा एक तुकडा जोडून पाहिला होता. जरा वेळ लागला, पण जोडला गेला. मी घरी येऊन जाहीर केलं, हलका घ्यायचा. पप्पा तेव्हा बातम्या बघत होते. ते म्हणाले, “ठरलं मग.” त्यांना त्यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं, ते नंतर समजलं.

दुकानात जायला आम्ही दोघं पुरेसे होतो. निघालो चौघं. आक्का सकाळच्या गाडीने वारणानगरहून आली, कारण मिक्सरपेक्षा मोठी कुठलीही खरेदी ती नसताना झाली तर ती वस्तू टिकत नाही, असा आमच्या घराण्याचा समज आहे. हा समज आक्काचाच आहे. अण्णासो काका इंजिन बघायला म्हणून आले. आई कामावर गेली, आणि जाताना माझ्याकडे अशा नजरेने बघून गेली की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

राजारामपुरीतलं ते दुकान गजबजलेलं होतं. त्यात पप्पांच्या ऑफिसातले एक साहेब प्रिंटरची शाई घ्यायला आलेले. पप्पांनी त्यांना नमस्कार केला, शर्ट खाली ओढला आणि लेकीसाठी लॅपटॉप घ्यायला आलोय, तिच्याच पसंतीचा, असं गरजेपेक्षा मोठ्याने सांगितलं. साहेबांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. दुकानाचा मालक राजवीर नावाचा होता, त्याने विचारलं, “काय दाखवू?”

माझा क्षण आला होता. मी काउंटरवर दोन्ही हात ठेवले आणि शाळेच्या बातमीच्या आवाजात म्हणाले, “काका, हलक्यातला दाखवा.”

प्रिंटरवाल्या साहेबांनी एकदम शाईच्या खोक्यावरची बारीक अक्षरं वाचायला घेतली. राजवीरने पप्पांच्या चपलांकडे बघितलं, मग आक्काच्या पिशवीकडे, मान हलवली आणि खालच्या कप्प्यातून एक लॅपटॉप काढला. त्याच्या कडा घासलेल्या होत्या, एका कोपऱ्यात कुणाच्या तरी कंपनीचं स्टिकर खरवडल्याची खूण होती, आणि ‘एंटर’चं बटण बाकीच्या बटणांपेक्षा वेगळ्या रंगाचं होतं.

“वापरलेला हाय, पण हलक्यात ह्याच्यापेक्षा बरा मिळणार न्हाय पावणं,” राजवीर पप्पांना समजुतीच्या स्वरात म्हणाला. “पोरीला शिकायपुरता बास.”

पप्पांचा चेहरा मी आयुष्यात दोनदाच तसा पाहिलाय. पहिली वेळ पाणकोंबडीची. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “आमच्याकडं बघून हलक्यातला काढलासा व्हय?”

राजवीर म्हणाला, मी नाही, तुमच्या पोरीनेच मागितला. मी घाईने सांगू लागले की हलका म्हणजे वजनाला, किमतीला नव्हे. पण तोपर्यंत आक्काने माझं मनगट धरलं होतं. “हलकं-बिलकं घरात बोलावं पोरी. चारचौघात न्हाय.”

“पण पप्पा, मी वजनाचं—”

“दुकानात भारीतला भारी कुठला हाय, त्यो काढा,” पप्पा म्हणाले. साहेबांना ऐकू जाईल इतक्या आवाजात.

तो आला. काळा कुळकुळीत, कडेला लाल पट्टी, बटणांखाली रंगीत दिवे, आणि सुरू केल्यावर आतून पिठाच्या गिरणीसारखा आवाज. अण्णासो काका कान लावून म्हणाले, घाटाला हाच. आक्काने तो दोन्ही हातांत घेऊन कलिंगडासारखा वरखाली तोलला आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. “हां. ह्येला वस्तू म्हणायची.” शाईवाले साहेबही जवळ आले आणि “भारी आहे” म्हणाले. पप्पांची छाती परत जागेवर आली.

किंमत लिहीत नाही, पप्पांनी नको म्हटलंय. मी त्यानंतर घरी पोचेपर्यंत काही बोलले नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण रिक्षात लॅपटॉपचं खोकं माझ्या मांडीवर होतं आणि खोक्यापलीकडे मी कुणाला दिसतच नव्हते.

घरी पूजा झाली. आमच्याकडे सायकलीपासून गॅसच्या शेगडीपर्यंत सगळ्यांची झाली आहे, त्यामुळे यात नवल नाही. नवल एवढंच की सायकलीला पंखा नसतो. लॅपटॉप पाटावर ठेवला. हळदकुंकू झालं, नारळ फुटला, पाणी नेम धरून बाहेर सांडलं. मग आक्काने पिशवीतून जोतिबाचा गुलाल काढला आणि मूठभर उधळला. मी म्हणाले, पंखा सुरू आहे. अगदी हळू म्हणाले असणार, कारण कुणी थांबलं नाही. पंख्याने खालून घेता येईल तेवढा गुलाल आत घेतला, क्षणभर विचार केला, आणि मागच्या जाळीतून उरलेला परत दिला. मागे अण्णासो काका उभे होते. पांढरा सदरा. ते डोळे मिटून म्हणाले, “चांगभलं.”

काका नुसते सदरा झटकून गप्प बसले असते तर पुढचं टळलं असतं. पण त्यांचा पुतण्या सम्राट फ्लेक्स छापतो. वाढदिवस, निवड, नियुक्ती, बैल पहिला आला, कुत्र्याने पिल्लं दिली, असं काहीही झालं की सम्राटचा फ्लेक्स चौकात लागतो. दुसऱ्या दिवशी शाळेला निघाले तर चौकात दहा फुटांचा बोर्ड: ‘कु. संयोगिता सयाजी इंगवले यांनी एक नंबर भारी लॅपटॉप घेतल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ वर माझा फोटो, बालवाडीतला. बाजूला पप्पांचा, लग्नातला. खाली ‘शुभेच्छुक: अण्णासो काका व समस्त गल्ली.’ मागे वाघ होता. वाघ का, ते सम्राटला विचारलं तर म्हणाला, जागा उरली होती.

म्हणजे आता परत करायचं तोंडही उरलं नाही.

तो आठवडा मी थोडक्यात सांगते. लॅपटॉप दप्तरात मावला नाही, म्हणून तो एका दप्तरात आणि पुस्तकं पिशवीत. बसमध्ये दप्तराचा पट्टा तुटला आणि लॅपटॉप एका काकूंच्या मेथीवर बसला. मेथीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, पण स्टॉप येईपर्यंत माझ्याकडे बघत होत्या. शाळेत पोचून उघडला तर तासाभरात बॅटरी संपली. चार्जर लावला तर त्याच्या वजनाने भिंतीतला जुना सॉकेटच बाहेर आला. तो हाताने दाबून धरायचं काम क्रांतीकडे आलं, आणि फिल्म एकटीने जोडायचं माझ्याकडे. फिल्म तो भराभर जोडायचा, हे मान्य करते. पण मध्येच पंखा जोरात व्हायचा आणि गुलाबी धूर निघायचा. एकदा तो विज्ञानाच्या सरांच्या वहीवर गेला आणि अख्ख्या वर्गाने “चांगभलं” म्हटलं. सरांनी त्याबद्दल मला बाहेर उभं केलं, जोतिबाला नाही.

चौथ्या दिवसापासून मी तो घरीच ठेवायला लागले. तिथे क्रांती नाही, आणि तिच्याशिवाय कुठला तुकडा कुठे जायचा ते ठरेना. फिल्म दोन मिनिटांवर अडली. मुख्याध्यापिकांना सोमवारी दाखवायची होती, नाही तर त्या दुसऱ्या वर्गाचा प्लॅस्टिकबंदीचा व्हिडिओ पाठवणार होत्या. त्या शनिवारी मी माइकवर शाळेची बातमी दिली आणि मागच्या रांगेतून आवाज आला, “मोठ्यानं.” वर्षभरात पहिल्यांदा.

हे मी घरी सांगितलं नाही. आईला कसं कळलं माहीत नाही. तिने पप्पांना एवढंच सांगितलं की उद्या रविवार आहे, शाळेची लॅब सर उघडून देणार आहेत, पोरीला सोडून या, आणि गाडी पंक्चर आहे. गाडी पंक्चर नव्हती. नंतर मी बघितलं, चाकातली हवा सोडलेली होती.

मग पप्पा आणि मी बसने निघालो. दप्तर पप्पांच्या खांद्यावर, पट्टा आईने दाभणाने शिवलेला. बसला गर्दी होती. पहिले दोन स्टॉप पप्पांनी ते एका खांद्यावर धरलं, पुढचे दोन दुसऱ्या, आणि नंतर पोटाशी, बाळासारखं. शाळेच्या पहिल्या मजल्यावर ते कठड्याला टेकले. दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसले.

“संयू, ह्यात काय दगुड भरलायस काय?”

“लॅपटॉप हाय पप्पा.”

“आणि?”

“चार्जर.”

“आणि?”

“आणि काय न्हाय. भारीच हाय त्यो.”

त्यांनी दप्तर हातात तोलून बघितलं. रोज हे वर आणतेस काय, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आता नाही आणत. मग फिल्म, म्हणाले. मी सांगितलं, अडली.

आणि मग मला बोलावंसं वाटलं. जिन्यात दुसरं कुणी नव्हतं, तरी मी मोठ्यानेच बोलले. “पप्पा, तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलं की मी ठरवायचं. मी गूळ घेऊन दोन दिवस फिरलो, मुंग्या अंगावर घेतल्या, आणि ठरवलं. मी वजनाला हलका म्हणत होतो. तुम्हाला वाटलं, मी आपल्याला हलकं म्हणालो.”

पप्पा म्हणाले, “त्यानं माझ्या चपलाकडं बघितलं की गं.”

“माझ्याकडं कुणीच बघितलं न्हाय.”

ते उठले, दप्तर उचललं आणि वर जायच्या ऐवजी खाली उतरायला लागले. मी विचारलं, कुठे? म्हणाले, दुकान रविवारी उघडं असतं.

दुकान उघडं होतं आणि भरलेलंही. राजवीरने बिल बघितलं, आठवडा झाला नाही, बदलून देऊ म्हणाला. मग त्याने लॅपटॉप उलटा केला, खालची जाळी स्क्रूड्रायव्हरने टोकली आणि काउंटरवर गुलाबी रांगोळी पडली.

“गुलाल लागलेला माल कंपनी परत घेत न्हाय पावणं.”

“गुलाल जिंकल्यावर लागतोय,” पप्पा म्हणाले. पण त्यात जोर नव्हता.

तिथून त्यांनी सम्राटला फोन लावला. लावण्याआधी बराच वेळ फोन हातात धरून उभे होते, कारण फोन लावणं म्हणजे गल्लीला सांगणं. सम्राट पाच मिनिटांत आला. त्याला फ्लेक्सच्या डिझाइनला ताकदवान मशीन हवंच होतं, त्याचं जुनं वाघ टाकला की बंद पडायचं. हलवायचं तर नव्हतंच, टेबलावर ठेवायचं होतं. त्याने जाळीतला गुलाल बघितला आणि खूश झाला. “गुलाल आधीच लागलाय म्हणल्यावर निवडणुकीची कामं येणारच की.” जेवढ्याला घेतला तेवढ्याला त्याने तो उचलला. एका हाताने उचलायला गेला, मग दोन्ही लावले.

आता राहिला दुसरा. राजवीरने वही मिटली आणि तोच प्रश्न विचारला. “काय दाखवू?”

सगळं दुकान आमच्याकडे बघत होतं, कारण गुलाल सगळ्यांनी बघितला होता. मी बोलू शकले असते. पण मी एकदा बोलले होते, आणि आता पाळी माझी नव्हती. मी काउंटरवर हात ठेवले आणि पप्पांकडे बघत राहिले.

पप्पांनी शर्ट खाली ओढला. “ते आपलं… वजनाला जरा बेताचं.”

“म्हंजे?”

“म्हंजे अंगानं बारीक.”

“छोट्या स्क्रीनचा?”

“न्हाय हो. नाजूक.”

राजवीरने नाजूक या सदरात काही ठेवलं नव्हतं. पप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे, मग छताकडे. शेवटचा प्रयत्न म्हणून म्हणाले, “गाईचा.”

“काय?”

“हलका,” पप्पा म्हणाले. शब्द बाहेर आला आणि त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं, कारण दुकान पडलं नाही. मग त्यांचा आवाज सुटला. माझा आवाज कुणावर गेलाय, ते मला तेव्हा कळलं. “हलका पायजे. माझ्या पोरीनं सगळा अभ्यास करून हलका सांगितलाय, तवा दुकानात जेवढा हलका हाय तेवढा काढा. आणि नवा काढा. आणि माझ्या चपला बघू नकासा.”

बाहेर रिक्षा स्टँडवरच्या दोघांनी आत डोकावून बघितलं.

तो आला. मी उचलला, पप्पांनी उचलला. पप्पा म्हणाले, ह्यात आत काही घातलंय का नक्की. राजवीरने सुरू करून दाखवला. पंखा नव्हता, आवाज नव्हता. तिथून आम्ही तसेच शाळेत गेलो. क्रांती लॅबच्या दारात वाट बघून बघून जिन्याच्या कठड्यावर बसली होती. संध्याकाळपर्यंत फिल्म पूर्ण झाली. शेवटी सगळी एकत्र बांधून काढायला त्याने इतका वेळ घेतला की सरांनी लॅबचे पंखे पुसून घेतले आणि पप्पांनी दोनदा चहा आणला. घाट लागतो तो हाच, हे मी अण्णासो काकांना अजून सांगितलेलं नाही. पण चढला. सोमवारी मुख्याध्यापिकांनी फिल्म बघितली. पाणकोंबडी त्यांना फार आवडली. फिल्म स्पर्धेला गेली, प्लॅस्टिकबंदी पुढच्या वर्षी जाईल.

या लॅपटॉपची पूजा आईने केली. तो बंद ठेवून, आणि आक्काला न कळवता.

राहिला चौकातला फ्लेक्स. मला वाटलं, पप्पा तो गुपचूप उतरवून घेतील. मी तसं सुचवलंही. ते म्हणाले, चारचौघात लागलाय, चारचौघातच दुरुस्त होईल. मंगळवारी शाळेला निघाले तर चौकात सम्राट शिडीवर, खाली शिडी धरून पप्पा, आणि त्यांना डावी-उजवी सांगत अण्णासो काका. ‘भारी’ या शब्दावर नवी पट्टी चिकटवलेली होती. सम्राटने ती नव्या मशीनवर केलेली पहिलीच, त्यामुळे ताकद जरा जास्त लागली होती. बाकीची अक्षरं वितीएवढी आणि हे एकच हातभर, लाल, पिवळ्या किनारीचं. वाघाचं अर्धं तोंड त्याखाली गेलं होतं.

‘कु. संयोगिता सयाजी इंगवले यांनी एक नंबर हलका लॅपटॉप घेतल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’

पप्पांनी खालूनच विचारलं, “संयू, बरोबर हाय का बघ. तू म्हणशील तसं.”

माझी बस आली होती. मी दप्तर एका बोटाला अडकवलं आणि पायरीवरून ओरडून सांगितलं, “बरोबर हाय पप्पा. फक्त ‘हलका’ जरा भारी झालाय.”